तोंडानं वाचायची जागा

चाचा, आज आपल्या वाचनालयात पाटी लागली. तुम्ही कंदील ज्या खिळ्याला टांगायचात, त्याच खिळ्याला. ‘शांतता राखा. मोठ्याने वाचू नये.’ लावायला स्टुलावर मीच चढले, कारण झाडणारी म्हणा, किल्ली सांभाळणारी म्हणा, कमिटीतली बाईमाणूस म्हणा, सगळं मीच उरलेय. खालून अध्यक्ष म्हणाला, “मावशी, जरा डावीकडं.” मी डावीकडं केली. तुम्ही असता तर म्हणाला असता, “बेटी, काम वाकडं असलं तरी पाटी सरळ लाव.” मला स्टुलावरच हसू आलं. उतरेपर्यंत ते कुठं गेलं कळलं नाही.

तुम्हाला ओळखणारं माणूस आता लातूरभर शोधावं लागतं, म्हणून तुम्हालाच सांगत बसलेय. तेव्हा मी वाचनालयाच्या पायरीवर शेंगा-फुटाणे विकायचे. दिवेलागणीला तुम्ही पुस्तकांच्या जिल्दी चिकटवायची खळ बाजूला सारता, हात पुसता आणि पेपर उघडता. हमाल, टांगेवाले, शेजारचा शिंपी गोल करून बसलेत. तुम्ही मोठ्यानं वाचताय, आणि मी बाहेर पुडीच्या कागदावर तेच शब्द हुडकतेय. माझी शाळा ती. पुढं धीर करून आत आले, कोपऱ्यात पुस्तक घेऊन नुसत्या डोळ्यांनी वाचायला लागले, तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात! “एकटीच खाऊन राहिली का गं? मनात वाचलं म्हणजे झाकून खाल्लं. तोंडानं वाच, चार जणांच्या ताटात पडू दे.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी अडखळत एक ओळ वाचली. शिंपी म्हणाला, “चाचा, हिच्या वाढण्यात मीठ जरा जास्त झालं.” पण बसला शेवटपर्यंत.

पाच गावांची वाचनालयं तुम्ही एकत्र बांधलीत तीही याच न्यायानं. एकेकट्याला अनुदानात मूठभर पुस्तकं यायची. सगळ्यांनी मिळून घेतली की पत्र्याच्या पेट्या भरायच्या. पेटी एसटीच्या टपावर चढायची, महिनाभर एका गावाला राहायची आणि पुढच्या गावाला निघायची, माहेरवाशिणीसारखी. गावात वाचता येणारा एक असला तरी पुरे, ऐकणारे पन्नास. म्हणून तुम्ही जिल्दही अशी बांधायचात की पुस्तक उघडलं की सपाट पडावं. म्हणायचात, वाचणाऱ्याचा एक हात मोकळा पाहिजे, हातवाऱ्याला.

भूकंपानंतर आपण पेटी घेऊन घरं पडलेल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो तो दिवस मी किती जणांना सांगितलाय. भिंतीला पाठ लावून बसायला कुणी तयार नाही, म्हणून सगळे उघड्यावर. तुम्ही गोष्ट वाचताय आणि मी तुमच्या खांद्यामागून पान बघतेय. पानावर पावसात घराची भिंत खचते, आत माणसं आहेत. तुम्ही बोट ओलं केलंत, पान उलटलंत आणि बिनदिक्कत म्हणालात, “आणि मग पाऊस थांबला. सगळे जेवायला बसले.” पुढ्यात एक बाई होती, दोन लेकरं गेलेली. चार दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता म्हणे. ती म्हणाली, “काय जेवले?” तुम्ही पुस्तकात बघूनच, “पिठलं-भाकर.” “अन् कांदा?” “कांदा बी हाय की.” कुणीतरी फिसकन हसलं. परतताना मी विचारलं, चाचा, हे तर छापलेलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “छापणाऱ्याला काय माहीत, आज ऐकायला कोण बसलंय.”

तुम्ही गेलात आणि पुढं अनुदान आधी उशिरा यायला लागलं, मग अर्धं, मग कागदांत अडकलं. तोवर इकडं लातूर पोरांनी भरून गेलं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरावर मेसची पाटी. अध्यक्षाचं खताचं दुकान आहे, माणूस वाईट नाही. मीटिंगमध्ये म्हणाला, “मावशी, पुस्तकाला भाडं मिळत न्हाई, खुर्चीला मिळतं. दार उघडं ठेवायचं का कुलूप लावायचं, तेवढं सांगा.” मी दार उघडं ठेवायला हात वर केला. कपाटं मागच्या खोलीत गेली, हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे आले, अभ्यासिका झाली. लाइटबिल, गळकं छत, माझा पगार, सगळं त्या खुर्च्यांवर निघतं. पण गावांत खुर्चीला भाडं कोण देणार? एकेक करत पाचही गावं सुटली. एका गावात पेटीत बियाणं ठेवतात असं ऐकलं. निदान उंदरांची फिकीर मिटली.

संध्याकाळचं वाचन मी सोडलं नव्हतं, चाचा. हॉलमधून ओट्यावर नेलं, ओट्यावरून जिन्याखाली, जिन्याखालून पोरांच्या गाड्या लावतात तिथं. ऐकणारे एकेक करून देवाघरी गेले. शेवटी तीच शेडमधली बाई उरली. लेकरं गेल्यावर ती लातुरातच येऊन राहिली होती. आता डोळे गेलेत. भाची रिक्षानं आणून सोडायची. आणि गेल्या आठवड्यात भोकरकडची एक पोरगी माझ्याकडं आली. डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय, घरच्यांनी रान गहाण टाकलंय. म्हणाली, “आजी, रागावू नका, पाटी लावायचा अर्ज मीच दिला. तुमचा आवाज खिडकीतून येतो.” मी म्हणलं, “एवढा वंगाळ हाय का गं?” तर तिचे डोळेच भरले. “वंगाळ असता तर चाललं असतं. गोष्टीत पुढं काय झालं ते कळेपर्यंत मला पान उलटता येत न्हाई.”

आता तिच्याशी कसं भांडू? तुम्ही असता तर काय केलं असतं, लई विचार केला. काल बाई आली तेव्हा सांगितलं, उद्यापासून वाचन बंद. ती गाड्यांच्या मधे चाचपडत उठली. म्हणाली, “बरं. चाचाच्या गोष्टीतले जेवले होते ना, मग झालं तर.” ते जेवण पुस्तकात नव्हतंच, हे तिला अजून ठाऊक नाही. मीही नाही सांगितलं.

दुपार आहे. एक खुर्ची रिकामी होती, तिथं बसून हे लिहितेय. पलीकडच्या आडोशात तीच पोरगी आहे. मघाशी लिहिता लिहिता माझे ओठ हलले असतील. तिनं मान वर केली. मी पदर तोंडाशी धरला. तुम्ही शिकवलंत तसंच मला येतं, चाचा, आता आवाजाशिवाय वाचता येत नाही; मनात वाचायला गेले की ओळी पळतात. हे लिहिलं खरं, पण म्हणूनच एकदाही वाचून बघितलेलं नाही. तशीच घडी घालतेय.