दुसऱ्या बेसचं पोतं

लातूर, होळीनंतरचा रविवार, १९८३

चि. देविदास यास थोरल्या बहिणीचा जयभीम आन पाठीवर मायेचा हात. (धपाटा घालायचा का न्हाई, ते पत्र संपल्यावर ठरवीन.) तुझा गुडघा कसा हाय? आमची तब्येत पाण्याचा टँकर आला की बरी, न्हाई आला की बिघडती.

तू नांदेडच्या कॉलेजात पोरींचा खेळाचा मास्तर. परवा तुझ्या पोरी इथं येऊन आमच्या नातीच्या, पंचशीलाच्या टीमला एका रननं हरवून गेल्या, आन तू सख्ख्या बहिणीच्या घरी चहालाबी आला न्हाईस. तो बेसबॉल मी पहिल्यांदाच बघितला. पोरगी दांड्यानं चेंडू मारती, तीन जागी (त्याला बेस म्हणत्यात) पाय टेकवत पळती आन निघाली तिथंच परत येती. (एवढं पळून जायचं कुठंच न्हाई. सरकारी अर्जासारखं.) पण नात माझी लई तयार. तीनदा दांडा फिरवला, तीनदा चेंडू बाभळीपार. तुझ्या त्या चेंडू टाकणाऱ्या पोरीचं तोंड बिनपाण्याच्या आडासारखं झालतं.

आता इथला जिल्हा नवा. साहेब आले, पाट्या आल्या, पण बेसच्या गाद्या अजून जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादलाच अडकून राहिल्या. म्हणून दालमिलमधून तुरीच्या भुसकटानं भरलेली पोती आणून मांडली. शेवटच्या डावात पंचशीलानं असा टोला हाणला की तुझ्या पोरी चेंडू हुडकत फिरल्या. पहिल्या पोत्यावर पाय देऊन ती दुसऱ्याकडं सुटली, तेवढ्यात वावटळ आली आन दुसरं पोतं उडालं. पोतं पुढं, नात मागं. पोत्यावर पाय पडल्याबिगर पुढं जायचं न्हाई, असं तिच्या मास्तरनं बजावलेलं. पार मैदानाबाहेर उभ्या पाण्याच्या टँकरापाशी तिनं ते गाठलं आन दोन्ही पाय रोवून उभी राहिली. तिनं पळायची रेघ सोडली म्हणून पंचानं आऊट दिलं. लोक हसले. तूबी हसलास, मी बघितलं.

दोन दिस झालं, पोर धड जेवून न्हाई राहिली. विद्यापीठाच्या टीमची यादी शनिवारी लागणार, आन लोकांच्या ध्यानात तिचे टोले न्हाई, पोतंच राहिलं. असो. मला काही मागायचं न्हाई, सहज खुशाली विचारली.

तुझी बहीण,
धुरपताबाई

ता.क. भरलेलं पोतं वाऱ्यानं उडतंय कसं, असं तू विचारशील. लहानपणापासून चोंबडाच तू. ते रिकामं होतं. पोरी पाणी प्यायला गेल्या तवा भुसकट मी पदरात ओतून घेतलं. आमची गाय चार दिस लिंबाचा पाला खाऊन राहिली होती. (पोतं मात्र होतं तिथं नीट पसरून ठेवलं. इमानदारी हाय माझ्यात.)

ता.क. दुसरं. यादी करणाऱ्यांत तू हायेस, कळलंय मला. नात म्हणून घेऊ नको, टोले मोजून घे. आन तो आऊट माझ्या नावावर मांड. माझी कुठं निवड व्हायचीय.

ता.क. शेवटचं. पंचशीलाला यातलं काही बोलू नको. पत्र टपालात टाकायला तिलाच देऊन राहिले. डिंक सरलाय, पाकीट उघडंच हाय. वाचू नको म्हणून बजावलंय, ती वाचायची न्हाई. पोत्यामागं टँकरापर्यंत पळणारी पोर ती.