एकतिसाव्या पानावरचा ठिपका

दि. ९ नोव्हेंबर, बुधवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. चहा केला. अंथरुणं उन्हात टाकली. साडेआठला वाचनालयात गेलो, साडेबाराला परत आलो. दुपारी थोडा पडलो. गुडघा ठीक आहे. तू फोनवर विचारतेस, "बाबा, दिवसभर करता काय?" आणि मी म्हणतो, "चाललंय." काय चाललंय ते आज लिहितो. फोनवर मला जमत नाही, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी तुला आवडणार नाही.

आई गेल्यावर महिन्याभरानं मी तिचं वाचनालयाचं कार्ड बंद करायला गेलो होतो. ग्रंथपालबाई पुस्तकांचा ढीग मांडून त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडत होत्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता की पुस्तकांवर खुणा फार. बाई रबर गोल गोल फिरवत होत्या. पस्तीस वर्षं ऑफिसात नकाशे काढलेल्या माणसाला ते बघवेना. म्हटलं, "बाई, असं नाही. कागद फुलतो. एकाच दिशेनं, हलक्या हातानं."

बाईंनी रबर माझ्यापुढं सरकवला. "मग घ्या. पंधरा कपाटं आहेत."

कार्ड खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो.

या खुणा सभासदांच्या. पुस्तकाचं नाव विसरतं, मुखपृष्ठ बांधणीत जातं, म्हणून आपण हे वाचलंय हे कळावं यासाठी प्रत्येकाची एक खूण, ठरलेल्या पानावर. शिंपीकाकांची पन्नासाव्या पानावर तुटक रेघ, टाके घातल्यासारखी. निवृत्त कंपाउंडरसाहेबांची शेवटच्या पानावर फुली. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. दिसेल ते खोडत गेलो. दोन कपाटं इतकी स्वच्छ केली की बाई म्हणाल्या, "आत्ताच छापखान्यातून आल्यासारखी दिसतात."

मग गोंधळ सुरू झाला. शिंपीकाका एक जाडजूड कादंबरी घेऊन तणतणत आले. "एकशे ऐंशी पानं वाचली तेव्हा कळलं, ही मी आधी दोनदा वाचलीय. माझी खूण कुठं गेली?"

कंपाउंडरसाहेबांचं दुःख त्याहून मोठं. त्यांनी रहस्यकथा नेली होती आणि तिसऱ्याच पानावर त्यांना खुनी आठवला. "अख्खा रविवार वाया गेला हो."

"पुन्हा वाचली तर काय बिघडलं?" बाई म्हणाल्या.

"वाचली ना. पण तो नुसता चहा प्यायला आला तरी माझं डोकं फिरत होतं."

दोघांनी मिळून मला शोधून काढलं. शिंपीकाका म्हणाले, "हेच ते. कोपऱ्यात गप्प बसतात आणि आमची वीस वर्षं पुसून टाकतात." मग जरा नरमले. "तुमच्या मंडळींना विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं. त्यांचाही ठिपका असायचा की."

"कुठं?" मी विचारलं.

"एकतिसाव्या पानावर, आकड्याच्या खाली. सुईच्या टोकाएवढा."

ठमे, असे ठिपके मी खोडले होते. किती ते सांगता येणार नाही. कागदावरचा कण आहे असं समजून खोडले. दुसऱ्या दिवशी ती सगळी पुस्तकं परत काढली आणि एकेक एकतिसावं पान खिडकीशी तिरपं धरून पाहिलं. पेन्सिल खोडली तरी दाब राहतो, कागदाला खळगा पडतो. शिंपीकाकांच्या रेघा लख्ख दिसल्या. आईचा एकही ठिपका दिसला नाही. तिचा हात हलका, आणि माझं काम चोख. हेच सांगायचं होतं. रागाव, पण लिहून रागाव.

तिसरं कपाट खोडायला घ्यायच्या आधी त्यातलं एक पुस्तक घेऊन बाईंकडं गेलो. तुला माहीत आहे, परगावी रस्ता विचारायलासुद्धा मी आईला पुढं करायचो. आता स्वतःच म्हटलं, "एकतिसाव्या पानावरचं तेवढं राहू द्यावं म्हणतो."

बाईंनी चष्मा लावला. मी दाखवलेलं पान त्यांनी अगदी डोळ्यांजवळ नेलं. "यात खूण कुठंय? हा छपाईतला दोष आहे. साहेबांनी दोष खोडायला सांगितलेलं नाही."

शिंपीकाका मागंच उभे होते. "मग माझाही दोषच धरा."

"तुमची रेघ बोटभर लांब आहे. एवढा दोष कुठल्याच छापखान्यात होत नाही."

आता त्यांना मी एक वही आखून दिलीय, वाचलेल्या पुस्तकांची नावं लिहायला. ती ते रोज घरी विसरून येतात.

सध्या पाचवं कपाट चालू आहे. ठिपका दिसला की त्या पुस्तकाचं नाव टिपून ठेवतो. चौसष्ट झाली. पहिल्या दोन कपाटांतली मात्र हुकली; आईनं वाचलेलं तुला काही आठवत असेल तर कळव. जेवताना ती गोष्टी सांगायची तेव्हा तू ऐकायचीस. मी जेवायचो.

शनिवारी एका पुस्तकात दोन ठिपके सापडले, शेजारी शेजारी. म्हणजे वाचलेलं आहे हे दिसत असूनही तिनं ते पुन्हा नेलं. ते मी घरी आणलं, तिच्याच कार्डावर. बाईंनी शिक्का मारला. चार दिवसांत बावीस पानं झाली. माणसं फार आहेत त्यात. कोण कुणाचा कोण ते लक्षात राहीना, म्हणून एका कागदावर त्यांचा नकाशा काढलाय. त्यातली थोरली सून मला पसंत आहे. तिचं पुढं वाईट होणार असेल तर आधी सांगू नकोस.

आजवर तुला पत्र आई लिहायची आणि खाली जागा उरली की मी एक ओळ घालायचो, 'मी ठीक. काळजी नसावी.' ठीक आहेच असं नाही, पण काळजी खरंच नसावी.

आता भात टाकतो. शिजेपर्यंत दोन पानं होतील.

तुझे,
बाबा