माणूस निघालाय

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. सकाळी चालायला जाणं, चहात अर्धी साखर आणि दादाला रोज फोन. चालणं उद्यापासून, कारण आज उशिरा उठलो. साखर ही डब्यातली संपल्यावर.

माझी नोकरी लिफ्ट कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करतात. आमचा नियम असा की आधी सांगायचं, "घाबरू नका, दार ढकलू नका, माणूस निघालाय." मग माणूस शोधायचा. तो बहुधा चहा पीत असतो. पण एवढं ऐकूनच लोकांना अर्धा धीर येतो. लोकांना धीर देणं मला उपजतच जमतं. दादाला हा नियम सांगितला होता तेव्हा तो हसून हसून इतका ठसकला की वहिनी पाणी घेऊन धावली.

१५ तारखेला कर्कशची कॉन्सर्ट. 'कर्कश' ही एका समीक्षकानं गायकाला घातलेली शिवी. आम्ही चाहत्यांनी तिचा मुकुट केला. मी मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे पहिल्या रांगेत. नेमकं त्याच दिवशी दादाचं हृदयाचं ऑपरेशन, तेही त्याच्या गावी, इथून बसनं सहा तास. वहिनीला म्हटलं, तारीख बदलून मिळते का बघा. तिनं फोन ठेवला. डॉक्टर लोक कॅलेंडर बघून तारखा देत नाहीत, ही मोठी अडचण आहे.

५ मार्च, बुधवार
अघटित घडलं. कर्कशचा थोरला भाऊ गेला. त्याच्या मागे ड्रमवर बसायचा तोच. सगळ्या कॉन्सर्ट पुढे ढकलल्या, नवी तारीख नंतर कळवतील. मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी दोन वेळा गेलं, पण चव नव्हती.

ही म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला, आता दादांकडे जा. बायकांना दुःखाचा आकार कळत नाही.

रात्री दादाचाच फोन. म्हणाला, वाईट झालं रे, भाऊ जाणं म्हणजे हात जाणं. कर्कशची पहिली कॅसेट दादानंच आणली होती, पहिल्या पगारातून. एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. मग म्हणाला, तू मोकळा झालास तर ये, ऑपरेशनच्या आधी दोन दिवस बसू. येतोच म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार
मंडळाच्या सेक्रेटरीकडे तातडीची बैठक. सेक्रेटरी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असतो, त्यामुळे बैठका तिथल्याच वेटिंग रूममध्ये. कोपऱ्यावरचा केमिस्टही आला. संदेश पाठवावा, फुलं पाठवावीत, असं काहीबाही निघालं. मी म्हटलं, आपण स्वतः जायचं. रोज संध्याकाळी सहाला त्याच्या खिडकीखाली उभं राहून त्याचीच गाणी गायची. गाणाऱ्याला गाण्यानंच धीर.

पत्ता कोणाकडे नव्हता. माझ्याकडे होता. त्याच्या इमारतीची लिफ्ट आमच्या कंपनीची. कॉम्प्युटरवर सहज दिसला. याला कोणी गैरवापर म्हणेल, मी योगायोग म्हणतो.

दादाला फोन राहिला. उद्या.

८ मार्च, शनिवार
पहिला दिवस. अकरा जण. चौथ्या मजल्यावरची खिडकी, निळा पडदा. केमिस्टचा सूर लागेना, म्हणाला गल्लीत वारा फार आहे. नाचता येईना अंगण वाकडं. पण तिसऱ्या गाण्याला पडदा हलला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सेक्रेटरीनं व्हिडिओ टाकला आणि खाली पत्ता लिहिला.

घरी आलो तर ही म्हणाली, तुझ्या घरातलं माणूस गेल्यावर कोणी खाली येऊन असं गायलं तर? मी म्हटलं, माझं भाग्य.

१० मार्च, सोमवार
आता चाळीसेक जण. आज खिडकी बंद होती. आवाज आत घुमावा म्हणून लावली असणार. वॉचमन खाली येऊन म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, आई आजारी आहे, कृपा करून नका येऊ. 'कृपा' हा शब्द मला फार भिडला. एवढ्या दुःखातही नम्रपणा. उद्यापासून स्पीकर आणायचं ठरलं, म्हणजे आईंनाही नीट ऐकू जाईल.

फोनवर दादाचा आवाज बारीक वाटला. म्हणाला, बुधवारी येतोस ना? म्हटलं, बुधवार-गुरुवारकडे बघतो.

१२ मार्च, बुधवार
आजचा आकडा कोणालाच सांगता येईना. गल्ली भरली. निम्म्यांना मी ओळखत नाही. दुसऱ्या गाण्यालाच मागून कोणी तरी ओरडलं, "तारीख सांगा." मग सगळेच. मी हात वर करून सांगितलं की आपण धीर द्यायला आलोय. कोणी ऐकलं नाही. एकानं मला विचारलं, तुम्ही कोण? मी अध्यक्ष म्हटल्यावर तो हसला.

वर अंधार. अंधारात गाणं जास्त भिडतं. तरी मनात कुठे तरी पाल चुकचुकली. ती बहुतेक उपाशी असल्यामुळे.

आज दादाकडे जायचं होतं. पण अशा वेळी गर्दीला वाऱ्यावर सोडून जाणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. दादा समजूतदार आहे.

१४ मार्च, शुक्रवार
कोणी तरी खडा मारला. खिडकीतली कुंडी फुटून खाली आली. केमिस्टच्या पायापासून हातभर अंतरावर. मागून कोणी तरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मला ते आवडलं नाही. मीही वाजवल्या, पण हळू.

मग खिडकी उघडली. कर्कशची आई. पांढरे केस, खांद्यावर शाल. तिनं आमच्याकडे बघून हात जोडले आणि तसेच बराच वेळ धरून ठेवले. सेक्रेटरीचे डोळे भरून आले, म्हणाला, आईंनी नमस्कार केला. आम्ही सगळ्यांनी उलट नमस्कार केला आणि आणखी दोन गाणी म्हटली.

उद्या ऑपरेशन. पहाटेच्या बसनं निघणार. पक्कं. बॅग भरली.

१५ मार्च, शनिवार, सकाळी
पहाटेची बस चुकली, गजर वाजलाच नाही. पुढची साडेअकराची. तोवर ऑफिसात येऊन बसलोय, बदली माणूस येईल, त्याला टेबल देऊन इथूनच सुटायचं. बॅग पायाशी आहे. वहिनीचा फोन आला, दादाला दुपारी आत नेणार, तुला बघायचं म्हणतोय. निघालोय म्हटलं. मनानं तर केव्हाच निघालोय.

त्याच दिवशी, बसमध्ये
अक्षर हलतंय ते बसमुळे.

बदली माणूस आला. मी उठणार तोच टेबलावरचा फोन वाजला. सवयीनं उचलला. आवाज ऐकला आणि खालीच बसलो. साक्षात कर्कश. स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलेला. सोबत आई, तिला धाप लागलेली, डॉक्टरांकडे निघाले होते. सकाळी आमच्यातलीच काही मंडळी त्याच्या दारावर बॅनर लावायला एकदम लिफ्टमध्ये घुसली होती, तेव्हापासून लिफ्ट कुरकुरत होती म्हणे.

मी सांगितलं, घाबरू नका, दार ढकलू नका, माणूस निघालाय. आणि वाटलं, देवानंच ही वेळ आणली. मी अध्यक्ष असल्याचं सांगितलं. भावाचं दुःख मला कळतं, मलाही दादा आहे, असं सांगितलं. खिशातला मोबाइल थरथरत होता, वहिनीचा फोन. दोनदा कट केला. अशा वेळी कोण उचलेल? त्याच्याच दुसऱ्या अल्बममधली दोन कडवी गाऊन दाखवली. नव्या तारखेचं हळूच विचारलं. त्यावर तो एकच बोलला. माणूस कुठवर आलाय?

तेव्हा लक्षात आलं की मी माणूस पाठवलाच नव्हता. मेकॅनिक माझ्या समोरच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होता.

आई ठीक आहे म्हणे. मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा कर्कश तिला उचलून घेऊन बाहेर आला आणि कोणाशीही बोलला नाही. आमच्या साहेबांनी माझ्या हातातला फोन स्वतःच्या हातानं काढून घेतला आणि आता घरीच बसा म्हणाले. म्हणजे रजेचा प्रश्न मिटला. साडेअकराची गेली होती, पुढची मिळाली.

वहिनीला उलट फोन केला. उचलत नाही. दवाखान्यात फोन बंद ठेवायला लावत असतील.

१६ मार्च, रविवार
दादा गेला.

मी पोचायच्या आधीच. वहिनी रडत नव्हती, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सांगितलं, आत नेताना दादानं विचारलं, कुठवर आलाय? ती म्हणाली, निघालाय. तो हसला. म्हणाला, त्याच्या ऑफिसातलं 'निघालाय' का? म्हणजे अजून चहा पितोय.

मग त्याला आत नेलं.

१९ मार्च, बुधवार
घरी आलो. कर्कशनं सगळ्या कॉन्सर्ट रद्द केल्या. यापुढे गाणार नाही, शहरही सोडलं, इतकंच कळवलंय. वाचून काही वाटलं नाही. कपाटातून जुनी कॅसेट काढली. लावायला यंत्र नाही. इयरफोनची दोन टोकं हातात धरून बसलो. मला दादा हवा आहे. बाकी काही नको.

दुपारी सेक्रेटरीचा फोन. मंडळाला कळलंय म्हणाला. म्हटलं, कोणी येऊ नका, मला जरा एकटं राहायचंय. म्हणाला, धीर धरा अध्यक्ष, आम्ही निघालोय.

आणि खरंच आले. बरोबर सहाला. स्पीकरसकट. ज्यांचा गायक गेला त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती, अख्खी गल्ली भरली. हिनं पडदा ओढला. मी लाईट बंद केला. खाली कोणी तरी म्हणालं, अंधारात गाणं जास्त भिडतं. माझंच वाक्य. मग मागून ओरडा सुरू झाला, कर्कश कुठे गेलाय ते सांगा, पत्ता तुमच्याकडेच असतो. काचेवर काही तरी टणकन लागलं.

ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती. म्हणाली, थांबव ना रे हे.

मी खिडकी उघडली. मग हात जोडले आणि तसेच धरून ठेवले.

खाली एकदम शांतता झाली. सेक्रेटरी माईकवर म्हणाला, अध्यक्षांनी नमस्कार केला. सगळ्यांनी उलट नमस्कार केला आणि पुढचं गाणं धरलं.

उद्याही सहाला येणार आहेत.