अप्पांचा डावा तळहात

प्रिय महेश,

पाकीट बघून घाबरू नकोस, अप्पा अजून आहेत. आज सकाळी त्यांनी आपणहून ज्वारीची आंबील मागितली, चार घोट घेतले आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरले. ते डाफरणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की बाहेर व्हरांड्यात जाऊन मी रडून घेतलं. हे फोनवर सांगता आलं असतं; पण फोनवर तू रिपोर्टपलीकडे काही विचारत नाहीस, आणि अप्पांना देते म्हटलं की नेमकी तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग नसते. बस आणि शेवटपर्यंत वाच.

आपण ठरवलेलं नाटक मी इमानेइतबारे वठवत होते. कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, पोटात अल्सर आहे, औषधानं जाईल. दवाखान्याच्या पुढच्या दारावरची कॅन्सरची पाटी त्यांनी वाचू नये म्हणून रिक्षासुद्धा मागच्या दारानं आत घेतली. मग स्कॅनच्या वेळी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग उतरवायला लावलं. कळत्या वयापासून त्यांनी ते कधी अंगावेगळं केलेलं नव्हतं. दवाखान्यात हरवायला नको, देवघरात ठेव, असं तू म्हणालास आणि मलाही पटलं. अप्पांना सांगितलं, घरी आल्यावर घालू. त्यानंतर मात्र त्यांचं जेवण तुटलं. मी ताट पुढे करायची, ते मान फिरवायचे. दुखण्यानं भूक मेली, असं सगळेच धरून चाललो.

इथे सृष्टी नावाची एक नर्स आहे, माढ्याकडची. बाकीचे उभ्या उभ्या विचारपूस करून जातात, ही स्टूल ओढून बसते. परवा दुपारी अप्पांनी तिला सरळ विचारलं, बाई, मी घरी जाणार का? माझा जीव टांगणीला लागला. मी मागून खुणा करतेय, हो म्हण, हो म्हण. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, तुमाला सोताला काय वाटतंय?" आणि गप्प बसली. महेश, मला अशी चीड आली की उठून मोठ्या सिस्टरकडे तक्रार करणार होते. पण ती गप्पच राहिली, आणि अप्पा बोलले. म्हणाले, मी चाललोय, ते मला कळतंय. त्याचं काही नाही. पण असाच गेलो तर? आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

तिला वाटलं छातीत दुखतंय. मग अप्पांनी तिला समजावून सांगितलं, इष्टलिंग म्हणजे आपण लिंगायत जन्मभर अंगावर बाळगतो तो देव, तो देहाबरोबरच मातीत कसा जायचा असतो, पूजा झाल्याशिवाय ते अन्न का घेत नाहीत. म्हणाले, मुलं म्हणतात घरी आल्यावर घालू, आणि घरी मी जाणार नाही. मी तिथेच उभी होते. आपल्याला एवढं साधं कळू नये? जन्मभर त्यांना पूजा करून मगच जेवताना बघितलंय आपण. मी स्कूटी काढली आणि जुळे सोलापूरला घरी पोचेपर्यंत सिग्नलसुद्धा बघितले नाहीत.

इष्टलिंगाची डबी हातात पडल्यावर त्यांचा चेहरा काय झाला ते लिहिता येणार नाही. गळ्याला सलाइनची सुई आहे, म्हणून सृष्टीनं डॉक्टरांना विचारून दोरा लांब करून घेतला. पूजा झाली, दोन घास गेले, आणि मग म्हातारा जो सुटला! म्हणे, अल्सरला कुणी एवढी फळं आणतं होय? म्हणे, मागच्या दारावर तीच पाटी कन्नडमधून आहे, तुला वाचता येत नाही, मला येतं. पोरं घाबरतील म्हणून तेच गप्प होते. मी हसता हसता रडले, तेही हसले. मळ्यात आपल्या आईच्या, अव्वाच्या समाधीशेजारची जागा सांगून झाली. समाधीत बसवताना पाठ सरळ ठेवा, मी जन्मात कधी वाकून बसलो नाही, अशी ताकीदही दिली.

आता ते सृष्टीला काहीही विचारतात. काल म्हणाले, माझ्या हातून काय पाप झालं म्हणून हे वाट्याला आलं? ती म्हणाली, "ते मला न्हाय ठावं, काका. पर हितं येत्यात ती लई चांगली मानसं असत्यात, एवढं बगितलंय." अप्पा मग शांत झोपले. बाहेर मी तिचे आभार मानले, तर म्हणे, "ताई, मी काय सांगितलं न्हाय की त्यास्नी. त्यास्नी ठावंच हुतं." मी तक्रार करणार होते, ते तिला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात तू म्हणालास, अक्का, त्यांच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून मी येत नाही. मला तेव्हा राग आला होता. आता सांगते, खोटं बोलायचं काहीच उरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. पूजेला अप्पा इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, तो हात थरथरतो, म्हणून मी खालून माझा हात लावते. तू तुझं इष्टलिंग कधीच कपाटात ठेवलंस, त्यावरून ते एक शब्द बोलणार नाहीत, मी विचारून घेतलंय. आज पूजेनंतर म्हणाले, अक्षता, तुझा हात लहान पडतो गं, महेशला बोलाव.

तुझीच,
अक्का