आक्का, तुमचं नाव दवाखान्यालाच

आक्का,

तुमच्या धाकट्या जावेचा, शालनचा नमस्कार. आज सकाळी नगरपंचायतीचा शिपाई घरी येऊन सांगून गेला, की तुमच्या नावाचा ठराव सांगलीला गेला, तिथून तो मुंबईला जाईल. म्हणून लिहायला बसले. सुमन शिरवळहून फोनवर म्हणाली, "आई, आक्कांना सगळं लिहून काढ. तुझ्या पोटात राहिलं तर तुझं तुलाच जड होईल." पोरीला ठाऊक आहे, तुम्ही होतात तेव्हा दिवसभराचं सगळं मी तुम्हालाच सांगायची. तुम्ही ऐकत होतात की पेंगत होतात, ते मात्र मला कधी कळलं नाही.

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली आणि दवाखाना सुरू होऊन दोन. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या तेव्हा तुम्ही शेवटच्या बघायला गेल्या होतात. ओल्या विटांवर हात फिरवून गवंड्याला म्हणालात, "पाणी मार रं नीट, हितं बाया यायच्यात." त्यापुढचं तुम्ही बघितलं नाहीत. आता तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे दुमजली इमारत आहे. बाळंतिणींची खोली वेगळी आहे, तिला हिरवे पडदे आहेत. पहिली बाळंतीण आली ती मेंढरांच्या तळावरची. नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं होतं. मुलगी झाली. मी सुंठीचे लाडू घेऊन गेले होते, ओळख ना पाळख. ती म्हणाली, "मावशी, तुमी कोण?" काय सांगणार होते? म्हटलं, शेजारच्या गावची.

आता मूळ गोष्ट सांगते. या वर्षी नगरपंचायतीनं दोन इमारतींना नावं द्यायची काढली. एक हा दवाखाना. दुसरं नवीन सभागृह, बाजारतळाच्या मागचं, आत थंड हवेची यंत्रं आणि लाल खुर्च्या. ठरलं असं की सभागृहाला तुमचं नाव द्यायचं आणि दवाखान्याला साहेबांच्या वडिलांचं. साहेब म्हणजे सध्या ज्यांच्या शब्दावर तालुका हलतो ते. त्यांचे वडील भले गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. पण त्या दवाखान्यासाठी ते एक दिवस तरी मुंबईला गेले होते का?

आणि हे मला कळलं कुणाकडून? आपल्या रणजितकडून. जेवताना, ताटात बघत म्हणाला.

"काकी, सभागृहाला आईचं नाव द्यायचं ठरलंय. घरच्यांचं संमतीपत्र मी दिलं."

"घरचे म्हंजे कोण रं?"

"मी. तिचा मुलगा."

"आणि मी कोण?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "काकी, तुला राजकारणातलं कळत न्हाई. पुढच्या निवडणुकीत माझं तिकीट साहेबांच्या हातात हाय."

आक्का, थोरले भाऊजी गेले तेव्हा हे पोर तीन वर्षांचं होतं. तुम्ही शाळेतली नोकरी सोडून पंचायत समितीत गेलात, पुढं आमदार झालात, आणि हे माझ्या पदराला धरून वाढलं. त्याचा गोवर मी काढला, त्याची दहावीची परीक्षा मी काढली. तुम्ही शनिवारी यायचात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचात आणि सोमवारी जायचात. मी कधी बोलले नाही, पण आज लिहिते. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि तुमचा रागही यायचा. तोच मुलगा मला म्हणाला, तुला कळत नाही. मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

दोन दिवस विचार केला. तुम्हाला तरी पाटी हवी होती का? तुम्हीच एकदा आटपाडीच्या रस्त्यावरून येऊन हसत सांगितलं होतं, "शालन, एस्टीच्या निवाऱ्यावर आमदाराचं नाव ही एवढं मोठं, आणि आत बघितलं तर शेरडं बसल्यात. माझ्या नावाचं असलं काय करू नगा गं." मग मी कशाला भांडावं?

तर त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. आपण दोघी त्यावर एकदाच बोललो होतो, तेही धड नाही.

सुमन माझ्या माहेरी झाली, माधवनगरला, तिथून सांगली हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या खेपेला मी आपल्याच गावात होते. तुमचे दीर पलटणीत, जम्मूला. दुपारी कळा सुरू झाल्या आणि तुम्ही जीप मागवली. तालुक्याच्या तेव्हाच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, नर्सबाई रजेवर होत्या. पुढं सांगलीपर्यंत अडीच तास. ओढ्यातून जीप गेली की तुम्ही मला दोन्ही हातांनी धरून ठेवत होतात आणि म्हणत होतात, "यमाईच्यान सांगते, आत्ता पोचतोय." औंधच्या तुम्ही, यमाईशिवाय तुमच्या तोंडी दुसरी शपथ नव्हती. कवठ्याच्या अलीकडं, बाभळीखाली जीप उभी करावी लागली. मुलगा होता. तो रडला नाही. तुम्ही त्याला तुमच्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलंत आणि सांगलीपर्यंत मांडीवर घेऊन बसलात. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आला असता तर.

त्यानंतर तुम्ही आमदारकीला उभ्या राहिलात. लोक म्हणायचे, बाईला पद हवंय. मला माहीत होतं तुम्हाला काय हवंय. निवडून आलात, आणि पहिल्याच अधिवेशनात उभं राहून माझी गोष्ट सांगितलीत. "माझ्या घरातली बाई" म्हणालात, नाव घेतलं नाहीत, पण गावात कुणाला कळायचं राहिलं? मला ते कळलं पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्यानं पेपर पुढं केला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं आलंय." चार बाया उभ्या होत्या. मी जोंधळ्याचा डबा तसाच उचलून घरी आले, दळण न घेता.

महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. वाढायचे, भांडी घासायचे. शेवटी तुम्हीच परड्यात येऊन उभ्या राहिलात.

"रागावलीस व्हय शालन?"

"इचारायचं तरी हुतं."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणाले असते."

"मग दवाखाना मंजूर झाला नसता."

एवढंच. चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत. मीही मग काढलं नाही. पण आक्का, ते खरं असलं तरी बरोबर होतं का? माझं मूल होतं ते. माझ्या आधी सगळ्या महाराष्ट्रानं त्याच्याबद्दल हळहळून घेतलं आणि मी मात्र गिरणीत पेपर वाचत उभी. ही अढी माझ्या मनात तुम्ही गेलात तेव्हाही होती. तुमच्या तोंडात पाणी घालताना होती. आज खोटं कशाला लिहू?

पण दुसरी बाजूही मीच बघितली. मंजुरी कागदावर आली आणि पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात. पडलेल्या आमदाराला कोण विचारतं? तुम्ही एस्टीनं मुंबईला जात राहिलात. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, तुम्ही पायांना सूज घेऊन परत यायचात. एकदा म्हणालात, मंत्रालयाच्या दारावरच्या पोरानं विचारलं, "मावशी, कुणाकडं काम हाय?" ज्या इमारतीत तुम्ही पाच वर्षं ताठ मानेनं गेलात, तिथं तुम्ही मावशी झालात. तरी पुढच्या महिन्यात परत गेलात. मूत्रपिंडाचं दुखणं अंगावर काढलंत ते या खेपांमुळंच, असं मला अजून वाटतं. डॉक्टर काही म्हणोत.

म्हणून मी ठरवलं. नगरपंचायतीनं नावांवर हरकती मागवल्या होत्या आणि नव्या सभागृहात बैठक होती. सुमननं शिरवळला अर्ज टाइप करून मोबाईलवर पाठवला, मी त्याची प्रत काढून सही केली. इस्त्रीचं पातळ नेसले आणि सकाळच्या एस्टीनं गेले. व्यासपीठावर नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, आणि कडेला आपला रणजित. मला बघून तो उठला, मग परत बसला.

माझं नाव पुकारलं तेव्हा उठून पुढं गेले. आक्का, तुम्ही एवढ्या लोकांपुढं कशा बोलायचात? मला ध्वनिक्षेपक कुठं धरायचा तेही कळेना. मी म्हटलं, "मी शालन. सगुणाक्कांची धाकटी जाऊ. आक्कांनी विधानसभेत ज्या बाईची गोष्ट सांगितली, ती बाई मी."

मग मी सांगितलं. जीप, ओढा, बाभळ, सगळं. पहिल्यांदाच सांगितलं, माझ्या तोंडानं, कुणी न विचारता. मधे एकदा पाणी प्यायले, परत बोलले. तुम्ही भाषणात सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की त्याचं नाव मी मनात ठेवलं होतं, प्रताप. हे तुम्हालाही माहीत नव्हतं ना?

पुढच्या रांगेतले एक पुढारी उठले. आवाज गोड. म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख आमचं दुःख हाय. पण सभागृह मोठं, त्याचा मान मोठा. आक्कांचा मोठाच मान करतोय आमी."

मी म्हटलं, "आवं, हितं लग्नं हुतील, भाषणं हुतील. उशीर झाला तर माणसं वाट बघतील. तिथं उशीर झाला तर काय हुतं, ते आत्ताच सांगितलं मी. आक्कांचं नाव तिथंच पायजे. सभागृहाला तुमी कुणाचंबी द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाजूला बाया बसल्या होत्या, त्यातली एक नुसती उभी राहिली. मग तिच्या शेजारची. त्यात ती तळावरची मेंढपाळीण होती, कडेवर पोरगी घेऊन. तिनं मला ओळखलं असावं. मुख्याधिकारी कागदावर लिहीत होते. रणजित मान खाली घालून बसला होता. बैठक संपल्यावर तो मला न भेटता गाडीत बसून गेला.

चार दिवस तो घरी जेवला नाही. मीही बोलावलं नाही. तुमचा मुलगा आहे म्हणून मला दुप्पट राग होता आणि मीच वाढवला म्हणून दुप्पट काळजी. पाचव्या दिवशी दुपारी आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. मी भाकरी वाढली. अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाला, "संमतीपत्र मागं घेतलं मी."

"साहेब काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हणाले. तिकिटाचं बी काय म्हणाले न्हाईत."

मी दुसरी भाकरी वाढली. जरा वेळानं त्यानं विचारलं, "काकी, प्रताप असता तर आता केवढा असता?" मी सांगितलं, सुमनपेक्षा चार वर्षांनी लहान. तो ताटावरून उठला आणि माझ्या पाया पडला. तिकीट मिळेल की नाही, मला माहीत नाही. त्या दुपारी मला त्याचं काही वाटलं नाही.

दवाखान्याला तुमचं नाव द्यायचा ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. मुंबईहून शेवटची मंजुरी यायची आहे. साहेबांची माणसं तिथंही आहेत, कागद अडवला जाऊ शकतो, हे मला रणजितनंच सांगितलं. अडवू देत. तुमची ती मुंबईला न्यायची कापडी पिशवी मी माळ्यावरून काढून धुतली आहे. कुठल्या मजल्यावर जायचं, कुणाला भेटायचं, ते तुमच्या वहीत लिहिलेलं आहे. रणजित येतो म्हणाला. नाही आला तर मी सुमनला घेऊन जाईन, आणि तिला रजा नाही मिळाली तर एकटी जाईन. मला मावशी म्हणाले तर माझं काही बिघडत नाही, मी आयुष्यभर मावशी आणि काकीच आहे.

तुम्ही मला न विचारता माझी गोष्ट सांगितलीत, मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लावतेय. आता तरी फिट्टंफाट झाली म्हणायची का?

आणि एक शब्द देते. पाटी लागेल त्या दिवशी मी हार घालायला थांबणार नाही, आधी आत जाऊन डॉक्टर खुर्चीत आहे का ते बघीन. दर सोमवारी बाजाराला येते, दर सोमवारी बघीन. आणि तुमच्या नावाखालून एखादी बाई जरी तशीच माघारी गेली, तर शिडी लावून ती पाटी मी माझ्या हातानं खाली काढीन, आणि डॉक्टर आल्यावरच परत चढवीन.

तुमची धाकटी जाऊ,
प्रतापची आई
शालन