शुद्ध पाणी

बालाघाट, मंगळवार, एप्रिल १९८७

आजही दिवेलागणीलाच लाइन गेली. छतावरच्या सोलर प्लेटनं बॅटरी दिवसभर भरली होती, म्हणून मोहल्ल्यात आमच्याच घरी ट्यूबलाइट लागली. प्लेट विलासनं बसवली होती. पोरगा पौषात गेला. उन्हाले काय त्याचं, ते रोज येते.

बॅटरीतलं पाणी उतरलं असेल म्हणून झाकणं उघडली, तर पाणी काठोकाठ. हिले विचारलं, "पाणी कोणं टाकलं?"

"मीच टाकलं. विलास सांगे ना, आई, बॅटरीले शुद्धच पाणी लागते, नळाचं चालत नाही."

"मग कोणतं टाकलं?"

"गंगेचं."

देवघरात जाऊन पाहिलं. गंगेची लोटी रिकामी, तोंड बंद करणारी कथलाची झाळ फोडलेली. ती आम्ही काशीहून आणली होती, आमच्या दोघांच्या शेवटच्या घोटासाठी. विलासले घाईत नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा लोटी घरीच राहिली. त्याच्या तोंडात थेंबही पडला नाही.

त्याचं शुद्ध म्हणजे दुकानातलं, बाटलीतलं डिस्टिल्ड. या पाण्यानं बॅटरी हळूहळू खराब होईल, मले माहीत आहे. हिले सांगावं का? काहून सांगायचं? राग यायले पाहिजे होता. तोही आला नाही. रिकामी लोटी पुसून परत देवाजवळ ठेवली.

जेवताना ही ट्यूबलाइटकडे पाहत होती. म्हणाली, "उशीर झाला, पण पोचलं त्याले."

मी हौ म्हटलं.