डाव्या डोळ्यातली पाण्याची रेघ

६ मार्च २०१६, रविवार. आखन, जर्मनी

डाव्या डोळ्याचा पडदा सरकला होता, त्याचं ऑपरेशन होऊन आता दुसरा आठवडा. पडदा जागेवर बसावा म्हणून आत गॅसचा बुडबुडा सोडलाय. उजवा डोळा झाकला की खाली सगळं धूसर, वर थोडी फट. मध्ये एक रेघ, मान हलवली की तळ्यासारखी हिंदकळते.

मार्चचा पहिला रविवार म्हणजे हाल्डे. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीने बाहेर टाकलेल्या दगडमातीचा डोंगर. काळा, कोरडा, माथ्याकडे झाड नाही, पायाखाली चुरा सरकतो. माझं वाळवंट. चालण्याचा मोसम दरवर्षी मी तिथूनच सुरू करते, एकटी. यंदा खिडकीत बसून, डोळे मिटून निम्मी वाट चालले. दुसऱ्या वळणावर दम लागला. खरंच.

१० मार्च, गुरुवार

तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमान नाही, डोंगर नाही. उंचावर बुडबुडा फुगतो, डोळ्यावर दाब येतो. हाल्डे चालेल का विचारलं. हसल्या. "तो कसला डोंगर!" पण हो म्हणाल्या नाहीत. बुडबुडा जिरल्यावर बघू.

आणि नजर? किती येईल परत? "आपवार्टन." थांबायचं.

घरी नवरोबा अभय : "तू डॉक्टरांना कचऱ्याच्या ढिगाबद्दल विचारलंस?"
"तुझं सिंहगड असतं ना, तसं माझं ते."
"सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते."

१९ मार्च, शनिवार

रेघ रोज थोडी खाली उतरते. वर कौलांची कडा, झाडांची टोकं. खाली पाणी. मही चहा घेऊन आली तर तिचं डोकं आणि खांदे कोरडे, कप पाण्यात. चौदा वर्षांची माझी मुलगी, तळ्यातून चालत आलेली.

सुंदर दिसतं हे सगळं. कुणाला सांगायची सोय नाही. भीती वाटायला हवी. वाटतेच, पण…

२७ मार्च, ईस्टर

बुडबुडा वाटाण्याएवढा. वाचायला मान खाली घातली की नेमका शब्दावर येऊन बसतो.

बाकी दिसतं आता. पण सरळ रेघा मध्येच वाकतात. दाराची चौकट, टेबलाची कड. कधी सरळ होतात, कधी नाही, असं डॉ. बाई आधीच म्हणाल्या होत्या. अभयला बोलले नाही. तो इतका खूश आहे.

२ एप्रिल, शनिवार

सकाळी उठले तर बुडबुडा नव्हता. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं.

१० एप्रिल, रविवार

परवा परवानगी मिळाली. आज हाल्डे. अभयने महीला बरोबर धाडलं. "आईचा हात धर." ती जर्मनमध्ये, "पापा, ती काय ऐंशीची आहे?"

चढताना पायांना सगळं आठवत होतं. ऊन, चुऱ्याचा तोच कोरडा आवाज. एक सरडा. बाजूने माणूस गेला, "मॉर्गन" म्हणाला, तेही जणू फार लांबून.

माथ्यावर उजवा डोळा झाकला. समोर पवनचक्क्या. मही म्हणाली, "उंड? मग?"
"खांब वाकडे दिसतात."
तिने स्वतःचा एक डोळा मिटून पाहिलं. "असंच राहणार?"
"माहीत नाही."
"पापाला सांगितलंस?"
"आज सांगते."
"गेनाऊ. बरोबर. आज," असं अगदी माझ्याच आवाजात म्हणाली.

उतरताना फजिती. पुढचा दगड किती खाली, कळेना. पाय हवेतच. हात धरला नाही तिने. एक पाऊल पुढे, खाली चालत राहिली, खांदा माझ्या हाताखाली येईल असा. दोनदा तिथे हात टेकला. मोकळ्या चुऱ्याच्या उतारावर सरळ बसून घसरत आले. "आई, पाइनलिश, लाज आणतेस," ती पुटपुटली. बघायला कुणी नव्हतं.

पायथ्याशी वळून डाव्या डोळ्याने वर पाहिलं. हाल्डेत सरळ रेघ कुठेच नाही. हाल्डे वाकलेली दिसत असेलही, मला कळलं नाही. सबंध होती.